रूळ आधी, प्रमाण नंतर : ब्रिटिश मॉडेल रेल्वेच्या मापांचा उगम

लोखंडी वाट (धागाकर्ता)

ब्रिटनमधील कंपनीचे छोटे इंजिन आणि जर्मन कंपनीचा छोटा डबा एकाच रुळावर शेजारी उभे केले, तर बारकाईने पाहणाऱ्याला काहीतरी खटकते. दोघांची चाके १६.५ मिलिमीटर अंतराच्या त्याच रुळांवर व्यवस्थित बसतात. मात्र इंजिनावरचा सहा फुटी चालक २४ मिलिमीटर उंचीचा असतो, तर डब्यातला तेवढाच उंच प्रवासी २१ मिलिमीटरचा भरतो. ब्रिटिश इंजिन १:७६ प्रमाणात घडवलेले असते आणि जर्मन डबा १:८७ प्रमाणात, त्यामुळे रूळ एक असूनही दोन्ही वाहने एका जगातली वाटत नाहीत. हा छंद नव्याने सुरू करणारा प्रत्येक जण कधी ना कधी याचे कारण विचारतो आणि बहुतेक वेळा त्याला ‘इंग्रजांचे सगळेच वेगळे’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर मला पटत नाही, कारण या फरकामागे शोधून काढता येण्याजोगी ठोस कारणे आहेत. त्यासाठीच हा धागा काढला आहे.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. खरी वस्तू किती पटींनी लहान केली, ते म्हणजे प्रमाण. दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर म्हणजे गेज. तर्काने पाहता प्रमाण आधी ठरावे आणि गेज त्यातून निघावे. खऱ्या रुळांमधील ४ फूट ८ १/२ इंच म्हणजे १४३५ मिलिमीटर अंतराला ठरलेल्या आकड्याने भागले की काम संपते. प्रत्यक्ष इतिहास मात्र उलट दिशेने घडला. रूळ आधी आले आणि त्यांवर चालणाऱ्या गाड्यांचे प्रमाण नंतर बसवावे लागले. ब्रिटिश मापांमधील जवळजवळ प्रत्येक विसंगती या उलट्या क्रमातून जन्मलेली आहे, असे माझे मत आहे.

हे रूळ जर्मन खेळण्यांचे होते. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत मेर्कलिन कंपनीने आपल्या पत्र्याच्या आगगाड्यांसाठी क्रमांक दिलेली गेजे मांडली. तोवर प्रत्येक कारागिराचे माप वेगळे असे. एकाने केलेली गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालेलच याची खात्री नव्हती आणि पुढच्या वाढदिवसाला आणलेला डबा मागच्या वर्षीच्या संचाला जोडता येत नसे. क्रमांकांमुळे ही अडचण दूर झाली. पुढे क्रमांक १ पेक्षाही लहान गाडी हवीशी झाली, तेव्हा साहजिकच तिला शून्य हा क्रमांक मिळाला. क्रमांक १ म्हणजे ४५ मिलिमीटर आणि शून्य म्हणजे ३२ मिलिमीटर. हे रूळ पत्रा वळवून केलेले, गोल डोक्याचे असत आणि मेर्कलिन त्यांचे माप एका डोक्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोक्याच्या मध्यापर्यंत घेत असे. म्हणून जुन्या जर्मन नोंदींत हीच गेजे ४८ आणि ३५ अशी दिसतात. हे ठरवताना कोणत्याही खऱ्या रेल्वेचे प्रमाण हिशेबात घेतलेले नव्हते. ती खेळण्यांच्या कारखान्याची सोय होती.

ही गेजे ब्रिटनमध्ये रुजवण्याचे श्रेय नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक यांच्याकडे जाते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची न्यूरेम्बर्गच्या बिंग कारखान्याशी गाठ पडली आणि ब्रिटिश रेल्वे कंपन्यांच्या रंगरूपाची इंजिने जर्मनीत बनवून ब्रिटनमध्ये विकण्याचा व्यवसाय उभा राहिला. त्यांच्या इंजिनांचे आराखडे हेन्री ग्रीनली करत. मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या आरेखन विभागात काम केलेला हा माणूस खऱ्या इंजिनांची रेखाचित्रे रोज हाताळत आलेला होता. त्याच्यापुढचा प्रश्न सरळ होता. कारखान्याकडून येणारा रूळ ३२ मिलिमीटरचा आहे, तर त्यावरचे इंजिन कोणत्या प्रमाणात काढायचे? ‘एका फुटाला ७ मिलिमीटर’ हे त्याचे उत्तर होते. हेच १:४३.५ आज ब्रिटिश ओ गेजचे (म्हणजे शून्य गेजचेच, शून्याला इंग्रजीत ‘ओ’ वाचतात) प्रमाण आहे.

सांधेवाला

धागा फार आवडला. माझ्या मनात पुष्कळ दिवसांपासून एक शंका आहे. ‘एका फुटाला ७ मिलिमीटर’ यात फूट इंग्रजांचा आणि मिलिमीटर फ्रेंचांचा, अशी दोन मापपद्धतींची सांगड कशासाठी घातली? मोजमापाच्या व्यवसायात वीस वर्षे काढल्यामुळे असे एकक पाहिले की मला अस्वस्थ वाटते.

लोखंडी वाट (धागाकर्ता)

सांधेवालादादा, दोन टोकांना दोन पद्धती होत्या, म्हणून ही सांगड पडली. खऱ्या इंजिनाचे रेखाचित्र ब्रिटिश रेल्वेच्या कार्यशाळेतून येई आणि त्यावरचे सगळे आकडे फूट-इंचांत असत. इंजिन घडवले जाई न्यूरेम्बर्गला, जिथल्या यंत्रांवर आणि साच्यांवर मिलिमीटर चालत. या दोहोंच्या मध्ये बसलेल्या आरेखकाला फूट वाचून मिलिमीटर आखायचे होते. इंचांतले प्रमाण घेतले असते, तर त्याला प्रत्येक आकडा दोनदा बदलावा लागला असता. बॉयलर २० फूट लांब असेल तर १४० मिलिमीटरची रेघ मारायची, एवढ्यावर काम भागे. घरी बसून हाताने काम करणाऱ्यालाही ही पद्धत फार सोयीची पडली. म्हणूनच ब्रिटनमधले मापन मेट्रिक होत गेले, तरी ती टिकली. आजही तिथले छांदिष्ट आपल्या कामाची ओळख ‘चार मिलिमीटर’, ‘सात मिलिमीटर’ अशीच देतात. फुटाला ४ मिलिमीटर म्हणजेच १:७६, पण हा आकडा बोलण्यात क्वचितच येतो.

गणिती

इथे मी एक हिशेब मांडतो. फुटाला ७ मिलिमीटर धरले, तर ४ फूट ८ १/२ इंचांचे जवळजवळ ३३ मिलिमीटर होतात. रूळ ३२ चा असल्याने ग्रीनलीच्या प्रमाणात तो ४ फूट ७ इंचांपेक्षा किंचित कमी भरतो. क्रमांक १ मध्येही तसेच घडले. ४५ मिलिमीटरला फुटाला ३/८ इंच, म्हणजे १:३२ हे प्रमाण अगदी चपखल बसते, पण ग्रीनलीने फुटाला १० मिलिमीटर घेतले आणि रूळ ४ फूट ६ इंचांचा झाला. दोन्ही ठिकाणी गाडी रुळाच्या मानाने थोडी मोठीच निघाली. ज्याला हिशेब येत नाही, त्याच्या चुका कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला पडतात. इथे मात्र प्रत्येक वेळी झुकाव एकाच बाजूला आहे, म्हणून ही चूक नसून जाणीवपूर्वक केलेली निवड होती, असे मी मानतो. या निवडीचे कारण धागाकर्त्यांनी सांगावे.

लोखंडी वाट (धागाकर्ता)

कारण चाकांत आहे, गणिती. खऱ्या चाकाची रुंदी साधारण साडेपाच इंच असते. फुटाला ४ मिलिमीटर या हिशेबाने ती १.८ मिलिमीटर भरायला हवी. परंतु खेळण्याचे चाक वेड्यावाकड्या जोडलेल्या पत्र्याच्या रुळावरून घसरू नये, म्हणून ते तीन मिलिमीटरच्या आसपास जाड ठेवावे लागे आणि त्याची फ्लँजही, म्हणजे रुळाच्या आतल्या बाजूला उतरणारी कड, खोल लागे. वळणे तर फारच तीव्र असत. हॉर्नबी डब्लो या ब्रिटिश खेळण्यातल्या गाडीचे नेहमीचे वळण १५ इंच त्रिज्येचे होते. खऱ्या जगात ही त्रिज्या २९ मीटर होईल आणि इतक्या तीव्र वळणावर मुख्य मार्गावरचे इंजिन कधीच नेता येणार नाही. असे वळण पार करायचे तर चाकांना आजूबाजूला हलायला जागा सोडावी लागते.

आता वाफेच्या इंजिनाची बाजू डोळ्यांसमोर आणा. चाकाच्या बाहेर जोडदांडा, त्याच्या बाहेर मुख्य दांडा, त्याच्याही बाहेर झडपांची यंत्रणा, आणि हे सगळे सिलिंडरच्या रुंदीत सामावले पाहिजे. चाकच जाड असेल तर हे दांडे बाहेर ढकलले जातात आणि इंजिन फलाटाला घासेल इतके रुंद होते. शिवाय त्या काळच्या मोठ्या मोटरीही बारीक शरीरात मावत नसत. यावर दोनच उपाय उरतात. रूळ अरुंद करायचा किंवा त्यावरचे शरीर मोठे करायचे. रूळ तर आधीच ठरलेला होता.

कोकणकडा

या स्पष्टीकरणात मला एक त्रुटी दिसते. जाड चाके, तीव्र वळणे आणि मोठ्या मोटरी जर्मनांच्याही वाट्याला आल्या होत्या. १९३५ च्या लाइपझिग जत्रेत ट्रिक्स आणि मेर्कलिन या दोघांनीही १६.५ मिलिमीटर रुळांवरच्या विजेच्या गाड्या मांडल्या आणि युरोपखंड पुढे १:८७ वर स्थिरावला. अडचणी सारख्या असूनही एकाला शरीर मोठे करावे लागले आणि दुसऱ्याला लागले नाही. मग केवळ चाक आणि मोटर यांवर भार टाकून कसे चालेल?

यॉर्कवासी

कोकणकडा यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर मला इथे रोज डोळ्यांनी दिसते. नोकरीनिमित्त मी यॉर्कमध्ये राहतो आणि सुटीच्या दिवशी अनेकदा इथल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जातो. भारतातल्या गाड्या पाहून आलेल्या माणसाला ब्रिटिश इंजिने आणि डबे अंगाने बारीक वाटतात, युरोपखंडातल्या गाड्यांच्या तुलनेतही. ब्रिटनने जगात सर्वांत आधी रेल्वे बांधली. स्टॉकटन-डार्लिंग्टन १८२५ साली सुरू झाली आणि लिव्हरपूल-मँचेस्टर १८३० साली. त्या काळातील छोट्या गाड्यांना पुरतील एवढेच बोगदे, पूल आणि फलाट बांधले गेले. पुढे इंजिने वाढू लागली, पण दगडी बोगदे वाढवता येईनात. त्यामुळे गाडीच्या बाह्य आकाराची कमाल चौकट, जिला इथे लोडिंग गेज म्हणतात, ती कायमची आखडलेली राहिली. ब्रिटिश गाडीची रुंदी ढोबळपणे ९ फूट, म्हणजे २७४३ मिलिमीटर असते, तर युरोपखंडात प्रमाण मानल्या गेलेल्या बर्न चौकटीत ३१५० मिलिमीटर मिळतात. रुळांमधील अंतर दोन्हीकडे सारखेच आहे.

ग्रेट वेस्टर्न ही रेल्वे कंपनी यातला सन्माननीय अपवाद आहे. तिचा अभियंता ब्रुनेल याच्या ७ फुटी रुळांसाठी तिचे बरेच मार्ग ऐसपैस बांधले गेले होते. १८९२ मध्ये ते रूळ कायमचे निघाले, तरी त्या मार्गांवरची मोकळी जागा तशीच राहिली.

गणिती

यॉर्कवासी, आपण दिलेले आकडे लगेच वापरून पाहिले आणि जे उत्तर आले त्याने मी चकित झालो. ३१५० मिलिमीटर रुंदीची युरोपीय गाडी १:८७ मध्ये ३६.२ मिलिमीटर रुंद होते. ९ फुटी ब्रिटिश गाडी त्याच प्रमाणात केवळ ३१.५ भरते, पण फुटाला ४ मिलिमीटर घेतले की ती बरोबर ३६ होते. याचा अर्थ असा की, १६.५ च्या रुळावर तीच चाके आणि तीच मोटर सामावून घ्यायला जर्मन कारागिराला जेवढी रुंदी आपोआप मिळत होती, तेवढीच रुंदी ब्रिटिश कारागिराला प्रमाण वाढवून मिळवावी लागली. कोकणकडा यांच्या प्रश्नाचे यापेक्षा नेमके उत्तर मला तरी सापडणार नाही.

कोकणकडा

मान्य आहे. ३१.५ आणि ३६ यांच्यातले साडेचार मिलिमीटर हाच सगळा वाद होता, हे आता लक्षात आले. तरीही १९२० च्या दशकात हे पाऊल पहिल्यांदा कोणी उचलले, ते समजून घ्यायला आवडेल.

लोखंडी वाट (धागाकर्ता)

त्यात पुन्हा तीच मंडळी होती. १९२२ साली बिंगने टेबलावर मांडता येईल अशी आगगाडी बनवली, बॅसेट-लोकने ती ब्रिटनमध्ये विकली आणि तिच्यामागे ग्रीनलीचा हात होता. रूळ शून्य गेजच्या निम्म्या मापाचा, सुमारे १६ मिलिमीटरचा होता आणि शून्यापेक्षा लहान म्हणून त्याला ‘डबल ओ’ म्हणू लागले. ७ चे निम्मे ३.५ होतात, पण ग्रीनलीने फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणाचा पुरस्कार केला. पुढे ब्रिटनमध्ये ३.५ वाले आणि ४ वाले असे दोन पक्ष पडले. ३.५ वाल्यांकडे शुद्धता होती, कारण १६.५ चा रूळ त्या प्रमाणात ४ फूट ८ १/२ इंचांच्या अगदी जवळ येतो. ४ वाल्यांकडे जागा होती.

निकाल बाजारात लागला. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील मेकॅनो कंपनीने १९३८ साली ‘हॉर्नबी डब्लो’ आणली. हे नाव ‘डबल ओ’चेच खेळकर रूप होते. ‘सर नायजेल ग्रेस्ली’ हे प्रवाही आकाराचे इंजिन तिच्या पहिल्या संचांत होते. संस्थापक फ्रँक हॉर्नबी १९३६ मध्येच वारले होते, त्यामुळे ही गाडी त्यांना पाहायला मिळाली नाही. डब्लोने ४ मिलिमीटर निवडले. महायुद्धानंतर १९५२ मध्ये ट्राय-अँग प्लास्टिकच्या गाड्या घेऊन उतरली, तिनेही तेच घेतले. लाखो घरांत एकाच मापाचे रूळ पडल्यावर दुसरे माप विकायला कोण धजणार? त्या घडीपासून ब्रिटिश मुलांच्या आणि मोठ्यांच्या गाड्या ४ फूट दीड इंचांच्या रुळावर, म्हणजे जवळजवळ ७ इंच अरुंद वाटेवर धावत आहेत.

सांधेवाला

म्हणजे समोरून पाहिले की इंजिन बारीक पायांवर उभे असल्यासारखे दिसते, त्याचे कारण हे आहे. हे ज्यांना सहन झाले नाही, त्यांनी काय केले?

यॉर्कवासी

त्यांनी रूळ रुंद केला आणि माझ्या दृष्टीने या छंदाच्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर भाग आहे. काहींनी ४ मिलिमीटर प्रमाण कायम ठेवून गेज १८ केले, पुढे ते १८.२ झाले. ‘एटीन मिलिमीटर’च्या आद्याक्षरांवरून त्याला ‘ईएम’ म्हणतात आणि त्याची संस्था १९५५ पासून आहे. ऑक्सफर्डशायरमध्ये लाँग विटेनम या खेड्यात पेंडन संग्रहालय आहे. तिथल्या गाड्या याच गेजवर धावतात. तिथली छपरे, बागा आणि खिडक्यांमागचे पडदे पाहिल्यावर गेजबद्दल बोलण्याची इच्छाही उरली नाही. १९६६ मध्ये आणखी कडव्या मंडळींनी ‘प्रोटोफोर’ मांडले. गेज पूर्ण १८.८३, चाके, फ्लँज आणि सांध्यांतल्या फटीही खऱ्याच्या प्रमाणात. अशा रुळावर गाडी न घसरता चालवायची, तर प्रत्येक चाकाला वरखाली होण्याची मुभा द्यावी लागते आणि रूळ कागदासारखा सपाट बसवावा लागतो. हे एका संध्याकाळचे काम नव्हे.

माथेरानची राणी

मला या सगळ्यात अरुंद रुळांचे फार अप्रूप वाटते, म्हणून एक पुरवणी जोडते. ब्रिटनमध्ये ४ मिलिमीटर प्रमाणाच्या नॅरोगेज गाड्या एन गेजच्या तयार ९ मिलिमीटर रुळावर चालवतात. नऊला चारने भागले की सव्वादोन फूट येतात. आपल्या नेरळ-माथेरानचा रूळ दोन फुटी आहे, त्यामुळे तिला ते माप थोडे मोठे होते. वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेचा रूळ मात्र बरोबर २ फूट ३ इंचांचा आहे. इतक्या तडजोडींत निदान एका गाडीला तरी तिचा रूळ अचूक मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला.

कोकणकडा

या मापांचा प्रभाव रुळांच्या बाहेरही पडला आहे. हॉर्नबीच्या शून्य गेजच्या फलाटाशेजारी ठेवायला मेकॅनोने १९३३ च्या सुमारास लहान मोटारी काढल्या आणि १९३४ मध्ये त्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. आज धातूच्या संग्राह्य मोटारींवर १:४३ असा आकडा दिसतो, त्याचे मूळ ग्रीनलीच्या ७ मिलिमीटरमध्ये आहे.

लोखंडी वाट (धागाकर्ता)

अतिशय मोलाची भर घातलीत. याच जातीचा एक पुरावा मीही देतो. जर्मनीत शून्य गेजचे प्रमाण १:४५ आहे, अमेरिकेत १:४८. त्यांचे निम्मे केले तर १:९० किंवा १:९६ यायला हवे. पण एचओ, म्हणजे ‘हाफ ओ’, दोन्ही देशांत १:८७ आहे आणि अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या मानकात त्याची व्याख्या आजही ‘एका फुटाला ३.५ मिलिमीटर’ अशी आहे. ग्रीनलीच्या सातचे निम्मे. ब्रिटनने स्वतः न स्वीकारलेले हे ब्रिटिश माप बाकीच्या जगाने घेतले.

गणिती

लहान मापांचेही पाहून टाकू. ट्राय-अँगने १९५७ मध्ये ‘टीटी’ नावाचे आणखी लहान माप आणले, तेव्हा १२ मिलिमीटर रुळावर फुटाला ३ मिलिमीटर घेतले. रूळ पूर्ण ४ फुटांचा झाला, हा या घराण्यातला सर्वांत मोठा फरक. ९ मिलिमीटरच्या एन गेजमध्ये युरोप १:१६० वर राहिला आणि ब्रिटन १:१४८ वर गेला. कारण प्रत्येक वेळी तेच, बारीक शरीरात मोटर मावेना.

यॉर्कवासी

आणि २०२२ मध्ये पेको आणि हॉर्नबी या दोघांनी टीटी पुन्हा आणले, ते १:१२० प्रमाणात. १२ ला १२० ने गुणले की १४४० येतात, खरे १४३५. मोटरी आता इतक्या लहान झाल्या आहेत की बारीक ब्रिटिश इंजिनातही त्या सहज मावतात. मोठ्या ब्रिटिश कंपन्यांनी रूळ आणि गाडी एकाच प्रमाणात विकायला काढलेली पाहून मला भरून आले होते.

सांधेवाला

शेवटचा प्रश्न विचारतो. मला बोरीबंदर ते ठाणे या मार्गावरचे एक जुने स्थानक घरी उभे करायचे आहे. आपल्या ब्रॉडगेजसाठी काय घ्यावे?

लोखंडी वाट (धागाकर्ता)

आपला रूळ साडेपाच फुटी आहे. ग्रीनलीच्या ‘फुटाला ४ मिलिमीटर’ या हिशेबात तो नेमका २२ मिलिमीटर येतो, एक दशांशही उरत नाही. हा मार्ग बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची बरीच सामग्री ब्रिटनमधूनच आली होती आणि तिची जुनी रेखाचित्रे फूट-इंचांतच मिळतील. तयार रूळ मिळणार नाही, ते स्लीपरवर एकेक करून स्वतः बसवावे लागतील. मात्र इथे गाडी रुळापेक्षा मोठी करण्याची गरज पडणार नाही, कारण बावीस मिलिमीटरमध्ये चाकांना भरपूर जागा आहे. आधी एक फूटभर रूळ आणि एकच मालडबा करून पाहा, आणि छायाचित्रे इथेच टाका.